जुन्या डिझेल कॅम्परचं कूलंट: घाट चढण्याआधी काय काय पाहायचं

ठाण्यात किंवा नवी मुंबईत कोणी हौसेनं कॅम्पर करायला घेतली की पायाला बऱ्याचदा जुनी टेम्पो ट्रॅव्हलरच असते. कंपनीच्या स्टाफच्या फेऱ्या मारून दमलेली, बॉडी बरी, इंजिन ‘एकदम ओके’. आत पलंग येतो, ओटा येतो, पाण्याची टाकी येते, टपावर सोलर पॅनेल चढतं. गाडीचं वजन वाढतं आणि ते कायमचं वाढतं, कारण प्रवासी उतरतात, पलंग उतरत नाही. इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा मात्र तीच राहते, पंधरा-वीस वर्षांपूर्वी कारखान्यातून आलेली.

जुने ड्रायव्हर निघण्याआधी विचारतात, “पाणी टाकलं का?” सवय चांगली आहे, पण तिच्यात पाणी कमी होणारच असं धरून चाललेलं असतं. तसं नसतं. डिझेल जळतं, ऑइल थोडंफार खर्ची पडतं, पण कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी आणि रसायनांचं मिश्रण, बंद वाटेनं फिरत राहतं. दर पंधरवड्याला अर्धा लिटर घालावं लागत असेल तर तो अर्धा लिटर कुठेतरी जातोय. घालत राहणं म्हणजे देखभाल नाही. तो कुठे जातोय ते शोधायचं.

खाली लिहिलंय ते ट्रॅव्हलर डोळ्यांसमोर ठेवून. मर्सिडीजच्या टी-वन व्हॅनवरून आलेली ही गाडी. जुन्या गाड्यांत मर्सिडीजच्याच ओएम ६१६ वरून घेतलेलं इंजिन असतं. बजाज टेम्पोचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, त्यामुळे कागदांवर दोन्ही नावं दिसतील. तुमची गाडी दुसरी असली तरी काम तेच. आकडे मात्र आपापल्या गाडीच्या पुस्तकातले घ्या.

गाडी थंड आणि सपाट जागी

सगळी तपासणी रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर करायची. गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडू नका. फडकं घेऊन नाही, हळूहळू नाही, अजिबात नाही. आत दाबाखाली शंभर अंशांच्या वरचं पाणी असतं. झाकण सुटलं की त्याची क्षणात वाफ होते आणि ती थेट तोंडावर येते.

सोसायटीच्या रॅम्पवर लेव्हल पाहू नका, चुकीची दिसते. मांजरं-कुत्री आसपास फिरत असतील तर सांडलेलं कूलंट लगेच पुसून घ्या. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असतं, जनावरं ते चाटतात आणि मरतात. लहान मुलांच्या बाबतीतही हीच भीती. म्हणून काढलेलं कूलंट कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून कोपऱ्यात ठेवायचं नाही.

आधी नुसतं बघा

पाने-पक्कड काढण्याआधी टॉर्च घ्या. रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवा आणि सकाळी त्यावर डाग कुठे पडलाय ते पाहा. एसीचं पाणी पडतं ते साधं असतं, वाळलं की काही उरत नाही. कूलंट वाळलं की हिरवट, नारिंगी किंवा पांढरा चिकट थर मागे राहतो. होज पाइपच्या तोंडाशी, वॉटर पंपाच्या पोटाशी, रेडिएटरच्या टाकीच्या सांध्यावर असे थर दिसले की गळती तिथेच. ओल दिसायलाच हवी असं नाही, कारण चालत्या इंजिनाच्या उष्णतेनं थेंब जागच्या जागी वाळतो.

मग झाकण उघडून आतलं पाहा. कूलंट स्वच्छ रंगाचं हवं. चहासारखं तपकिरी असेल तर आत गंज आहे, म्हणजे आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं नळाचं नाहीतर टँकरचं पाणी घातलंय. घोडबंदर रोडच्या बऱ्याच सोसायट्यांत टँकरचं पाणी येतं, त्यात बोअरचं मिसळलेलं असेल तर क्षार भरपूर. ते क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत बसतात. वर तेलाचा तवंग दिसला किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मलईसारखा थर दिसला, तर पुढचं वाचण्याआधी मेकॅनिकला फोन करा.

कोणी म्हणेल, ठाण्यात बर्फ पडतो का? मग कूलंट कशाला, पाणी चालेल की. बर्फाचा प्रश्नच नाही. कूलंटमधली रसायनं गंज थांबवतात, आणि आपल्याला कूलंट हवं असतं मुख्यत्वे त्यासाठी. शिवाय ते पाण्यापेक्षा उशिरा उकळतं. काही मोठ्या डिझेल इंजिनांत सिलिंडरचे लायनर, म्हणजे आतली नळकांडी, थेट पाण्यात उभे असतात. इंजिनाच्या थरथरीनं त्यांच्या भिंतीवर सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटत राहतात आणि लोखंडाला टाचणीएवढी भोकं पाडतात. नुसत्या पाण्यावर चालवलेल्या इंजिनात हा प्रकार जास्त होतो.

झाकण: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित

रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टी. दाब धरून ठेवते आणि जास्त झाला की सोडते. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो, तो बारमधला दाब. समुद्रसपाटीला साधं पाणी १०० अंशांना उकळतं, पण ०.९ बारचं झाकण नीट बसलं असेल तर तेच ११८ अंशांच्या आसपास जाऊन उकळतं. झाकणाचं रबर वाळलं की ही अठरा अंशांची सवलत गेली. मग काटा अजून लाल पट्ट्यात गेलेला नसतो आणि रेडिएटरला जोडलेल्या जादा कूलंटच्या बाटलीत पाणी उकळत असतं.

रबराची कडा बोटानं चाचपा. चीर, कडकपणा, बसलेला खड्डा, काहीही आढळलं तर नवीन घ्या, त्याच आकड्याचं. दुकानदार ‘हे पण बसेल’ म्हणत जास्त दाबाचं देईल. घेऊ नका, वीस वर्षांच्या जुन्या होजांवर जादा दाब नको.

झाकणाच्या मधोमध एक छोटी चकती असते, ती नखानं ओढून पाहा. इंजिन थंड होताना आतलं कूलंट आकसतं आणि या चकतीतून बाटलीतलं कूलंट परत ओढलं जातं. चकती चिकटली की सकाळी वरचा होज पाइप चपटा झालेला दिसतो. होज खराब म्हणून बदलला जातो आणि आठवड्यात नवाही चपटा होतो. हा खर्च अनेकांनी केलाय.

होज आणि क्लिपा

प्रत्येक होज थंड असताना अंगठ्या-तर्जनीत दाबा. चांगला होज दबतो आणि परत येतो. दाबताना आतून कुरकुर ऐकू आली तर आतला थर तुटतोय. लोण्यासारखा मऊ लागला तर ऑइलनं किंवा वयानं कुजलाय. क्लिपेच्या अगदी लगत फुगवटा दिसला तर त्या गाडीनं घाटात जायचं नाही. खालच्या होजमध्ये काही गाड्यांत आतून स्प्रिंग असते, कारण पंप तिथून ओढतो. ती गंजून गेली की रेस दिल्यावर होज आत चिकटतो. इंजिन आयडलवर असताना सगळं ठीक दिसतं, हायवेला मात्र गाडी हीट धरते.

इंजिनाजवळचा बोटभर बायपास होज (रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारा) शोधून काढा. वरून दिसत नाही, हात पोचत नाही, म्हणून तो कोणी बदलत नाही. मागच्या भागात हीटर असेल तर त्याच्या लांब नळ्या गाडीच्या पोटाखालून गेलेल्या असतात. त्या कुठे घासतात का, सायलेन्सरजवळून जातात का, ते पाहा. आपल्याकडे मागचा हीटर लागतो तरी कधी? माझं मत विचाराल तर तो कायमचा काढून वाट बंद केलेली बरी. तेवढ्या गळतीच्या जागा कमी.

बेल्ट, पंप, पंखा

बेल्टच्या सर्वात लांब पट्ट्यावर मधोमध अंगठ्यानं जोर दिला की साधारण सेंटिमीटरभर दबावा. आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली असेल किंवा चिरा असतील तर बदला आणि जुना, चालणारा असेल तर, सीटखाली ठेवा. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत वॉटर पंप आणि अल्टरनेटर एकाच बेल्टवर फिरतात. म्हणून चालत्या गाडीत अचानक बॅटरीचा दिवा लागला तर ‘चार्जिंगचं बघू पुढे’ म्हणत जाऊ नका. बेल्ट तुटला असेल तर पंपही थांबलाय, आणि काट्याला ते कळायला थोडा वेळ लागतो. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, मग बॉनेट उघडा.

पंपाच्या अंगावर खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की कूलंट तिथून ठिबकतं. त्यात एमसील भरून ‘गळती बंद’ केलेल्या गाड्या बाजारात सर्रास मिळतात. सीलमधून निसटलेलं कूलंट मग बेअरिंगमध्ये जातं आणि एक दिवस पंखा रेडिएटरमध्ये घुसतो. पंख्याची पाती धरून पुढे-मागे हलवा. खटखट जाणवली तर पंप संपत आलाय.

पंख्यावर व्हिस्कस क्लच (गरम झाल्यावर पंख्याला घट्ट पकडणारा) असेल तर थंड इंजिन बंद असताना तो हातानं फिरवला की थोडा अडून फिरतो. इंजिन पूर्ण गरम करून बंद केल्यावर (हात जपून) तो आणखी घट्ट लागला पाहिजे. गरम असतानाही नुसता भिरभिरत असेल तर क्लच गेला. पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं, म्हणजे श्राउड, कोणीतरी ‘अडतंय’ म्हणून काढून टाकलेलं असतं. ते परत बसवा. त्याशिवाय पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच हवा घुसळतो.

रेडिएटरचं बाहेरचं अंग

पुढून पाहिलं तर स्वच्छ दिसतं. खरी घाण एसी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत असते. रस्त्याची धूळ, किडे, पावसाळ्यातला चिखल आणि थोडं तेल यांचा मिळून नमद्यासारखा जाड थर तयार होतो. रात्री पंख्याच्या बाजूनं टॉर्च धरा आणि पुढून पाहा. उजेड ठिपक्याठिपक्यांनी आला पाहिजे. जिथे काळोख, तिथून वारा जात नाही.

धुताना पाणी इंजिनाच्या बाजूनं पुढे मारायचं, म्हणजे घाण आली त्याच वाटेनं जाते. बागेच्या नळीचा दाब पुरे. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर पंप जवळून मारला तर पातळ पत्र्याचे फिन आडवे होतात आणि साफसफाईनं उलट वाट बंद होते. खाडीलगत, वाशी-ऐरोली-कोपरी पट्ट्यात गाडी उभी राहत असेल तर खालच्या कडेचे फिन चिमटीत धरून पाहा. खाऱ्या दमट हवेनं ते कुरकुरीत होतात. हाताला भुकटी आली तर रेडिएटर दुकानात न्यायची वेळ झाली.

पुढच्या जाळीवर नावाची पाटी, जादा दिवे, झेंडा लावलाय? काढा. तिथून हवा आत येते.

कूलंट बदलणं

या कामाला एक सकाळ लागते. घाईत करू नका.

आधी पुस्तकात दोन गोष्टी पाहा: एकूण किती लिटर मावतं आणि कोणत्या प्रकारचं कूलंट चालतं. रंगावरून ठरवू नका, रंगाला कोणतंही प्रमाण नाही, हिरवा प्रत्येक कंपनीचा वेगळा. जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, ऑरगॅनिक ॲसिडवालं बरंच जास्त टिकतं. दोन प्रकार एकत्र करू नका. गंजरोधकाचा परिणाम कमी होतो आणि कधीकधी आत गाळ धरतो.

१. डॅशबोर्डवरचा हीटर पूर्ण गरमवर ठेवा, म्हणजे त्याची वाट उघडी राहील. झाकण काढा. खाली पसरट घमेलं ठेवून रेडिएटरचा कॉक उघडा. जुना पितळी कॉक हलत नसेल तर जोर लावू नका, तुटेल. खालचा होज सोडवा. इंजिन ब्लॉकलाही एक प्लग असतो. तो निघाला तर उत्तम, कारण गाळ तिथेच बसतो.

२. निघालेलं कूलंट मोजा. पुस्तकात दहा लिटर लिहिलंय आणि निघालं सहा, तर चार अजून आत आहे किंवा आधीपासूनच कमी होतं.

३. साधं स्वच्छ पाणी भरा, इंजिन चालवून वरचा होज गरम होईपर्यंत थांबा, पूर्ण थंड होऊ द्या, सोडून द्या. पाणी नितळ येईपर्यंत हेच परत परत. गरम इंजिनात गार पाणी घालण्याचा मोह टाळा, हेडला (सिलिंडरवरच्या जाड झाकणाला) तडा जातो. शेवटचं धुणं डिस्टिल्ड किंवा डीएम, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्यानं. बॅटरीसाठी मिळतं ते चालतं, फक्त ॲसिडचा कॅन उचलू नका.

४. भरताना क्रम महत्त्वाचा. धुतल्यावर दोन-तीन लिटर पाणी इंजिनात अडकून राहतंच. आधी बनवून ठेवलेलं मिश्रण घातलं तर ते पातळ होतं. म्हणून आधी न मिसळलेलं घट्ट कूलंट घालायचं, एकूण मापाच्या निम्मं, आणि मग वर डीएम पाण्यानं भरायचं. दहा लिटरच्या गाडीत पाच लिटर घट्ट कूलंट. निम्म्याहून जास्त घालून काही मिळत नाही, उलट ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. ‘रेडी टू यूज’ लिहिलेला कॅन या पद्धतीला चालत नाही, लेबल नीट वाचा.

५. हवा काढा. गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवा, म्हणजे झाकण सर्वांत उंच जागी येईल. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा. झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करा, वरचा होज मधूनमधून दाबत राहा. बुडबुडे येतील, लेव्हल एकदम खाली जाईल (थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व्ह, उघडला), तेवढं भरा, आणि कूलंट वर चढून येण्याआधी झाकण लावा. हीटरमधून गरम वारा आला की तिथली हवा निघाली.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर थंड गाडीची लेव्हल परत पाहा. थोडी उतरेल, भरा, बाटलीवर मार्करनं रेघ मारा आणि तारीख लिहा. यापुढे ती रेघ खाली गेली तर गळती आहे.

काढलेलं कूलंट गटारात ओतू नका, आपली गटारं खाडीला जातात. झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला विचारून द्या.

हळदीबद्दल सगळे विचारतात. रेडिएटर गळायला लागला की त्यात हळद टाकायची, ही ट्रकवाल्यांची जुनी युक्ती आहे आणि आडरानात ती घरापर्यंत आणतेही. पण भोक ओळखून तिथेच जाऊन बसणं हळदीला जमत नाही. हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही ती जाते. लीक बंद करणाऱ्या पावडरींचंही तेच. टाकलीच तर घरी आल्यावर पूर्ण धुऊन काढा.

थर्मोस्टॅट काढायचा नाही

‘आपल्याकडे गरमी आहे, वॉल (म्हणजे थर्मोस्टॅट) काढून टाका’ हा सल्ला तुम्हाला फुकट मिळेल. नाकारा. थर्मोस्टॅट नसला की डिझेल इंजिन लवकर गरम होत नाही, धूर वाढतो, डिझेल जास्त जातं, झीज वाढते. काही इंजिनांत तर उलटंच होतं. थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करत असतो, तो काढला की गरम पाणी रेडिएटरला न जाता तिथूनच परत इंजिनात फिरतं, आणि घाटात गाडी आणखी तापते.

त्याची परीक्षा घरी होते. स्वयंपाकाचं नसलेलं भांडं घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्यानं मधोमध लटकवा, तळाला टेकू देऊ नका, थर्मामीटर सोडा आणि गॅस लावा. अंगावर ८२ लिहिलं असेल तर त्या सुमारास तो उघडायला लागतो आणि आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडतो. पाणी उकळलं तरी बंद असेल किंवा थंड असताना उघडा असेल तर नवा. बसवताना त्यावरची बारीक हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथून निघते.

काट्याचा भरवसा किती

जुन्या गाडीचा काटा पाण्यात बुडालेल्या सेन्सरवर चालतो. सगळं कूलंट निघून गेलं की सेन्सर हवेत राहतो आणि काटा खाली येतो. तापत चाललेल्या गाडीचा काटा अचानक घसरला तर सुटकेचा निःश्वास टाकू नका, इंजिन बंद करा. लेव्हल कमी झाली की वाजणारा बझर बसवून घ्या. डॅशबोर्डवरच्या कोणत्याही नव्या स्क्रीनपेक्षा तो उपयोगी आहे.

गाडी कुठे तापते यावरून दोष कुठे आहे ते बरंचसं कळतं. शिळफाट्याच्या किंवा गायमुखच्या जाममध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर पंखा, क्लच, श्राउड पाहा. जाममध्ये ठीक पण कसारा घाटात तापते, तर रेडिएटर आतून-बाहेरून तुंबलाय किंवा पंप कमी पडतोय. थंड इंजिन सुरू केल्याबरोबर दोन-तीन मिनिटांत वरचा होज दगडासारखा टणक होतो, बाटलीत सतत बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघतो, तर हेड गॅस्केटमधून (हेडखालच्या सीलमधून) सिलिंडरमधला दाबाचा गॅस पाण्यात येतोय. गॅरेजमध्ये एका निळ्या द्रवानं याची चाचणी होते, गॅस आला की त्याचा रंग बदलतो. हेड उघडण्याआधी ही चाचणी करायला सांगा.

घाटात

चढाला वरच्या गिअरमध्ये रेटू नका. पंप आणि पंखा इंजिनाच्या वेगावर चालतात, म्हणून एक गिअर खाली घेऊन आर.पी.एम. मध्यम ठेवलेले बरे. मागचे वैतागले तर वैतागू देत, डावी लेन धरा. काटा चढायला लागला की एसी बंद, खिडक्या उघड्या, हीटर पूर्ण गरमवर. मे महिन्यात हे नकोसं वाटतं, पण हीटर हा छोटा जादा रेडिएटरच आहे.

तरीही चढला तर सुरक्षित जागा पाहून थांबा. कूलंट आत असेल, वाफ नसेल, तर इंजिन लगेच बंद न करता थोडी रेस देऊन चालू ठेवा, पाणी फिरत राहतं आणि काटा उतरतो. वाफ दिसली, पाणी सांडलं किंवा बेल्ट तुटला, तर ताबडतोब बंद. मग किमान तासभर बॉनेट उघडं ठेवून बसा. चहा तुमच्याच गाडीत होतो, घाई कसली.

गाडीत दोन लिटर तयार मिश्रण, पाच लिटर साधं पाणी, वरचा-खालचा होज, बेल्ट, चार क्लिपा आणि त्यांना लागणारा स्क्रूड्रायव्हर ठेवा.

रेडिएटर दुकानात देताना

जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असतात आणि ते दुरुस्त होतात. वागळे इस्टेट, तुर्भे, कळंबोली या भागांत जड गाड्यांचं काम चालतं, तिथे चौकशी करा. कारागीर वरची-खालची टाकी सोडवतो, नळ्यांतून पातळ सळ्या फिरवून गाळ काढतो आणि परत झाळतो. टाकी सोडवल्यावर नळ्या तुम्ही स्वतः पाहा. निम्म्या बंद असतील किंवा बऱ्याच नळ्या झाळून बुजवाव्या लागत असतील तर दुरुस्तीत पैसे घालू नका, नवा कोअर (नळ्या-फिनचा मधला गाभा) टाकायला सांगा, आणि नळ्यांच्या रांगा आधी होत्या तेवढ्याच घ्यायला सांगा. स्वस्तात कमी रांगांचा कोअर बसवला जातो आणि बाहेरून तो ओळखू येत नाही. काम झाल्यावर रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवून हवेचा दाब देतात. ही चाचणी तुमच्यासमोर करून घ्या आणि दाब झाकणावरच्या आकड्यापेक्षा कमी नको. ॲल्युमिनियमचा, प्लॅस्टिकच्या टाक्यांचा रेडिएटर असेल तर सांध्याला चिकटवाचिकटवी करून घेऊ नका, नवीनच घ्या. घेऊन येताना झाकण, कॉक आणि खालचे रबरी बुश परत मिळाले का ते मोजा. बुश नसले तर रेडिएटर थेट पत्र्यावर बसतो आणि नवी झाळ थरथरीनं काही महिन्यांत उलते.